मंडला जिल्ह्यातील हिवताप आणि गावाचा सहभाग

जबलपूरहून आग्नेयेकडे जाणारा रस्ता बरेला मागे टाकतो आणि मग जमीन उंचसखल होऊ लागते. सुमारे शंभर किलोमीटरवर, नर्मदेने तीन बाजूंनी वेढलेले मंडला हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. मराठी माणसाला हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वी तो काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चालत असे. नर्मदेच्या परिक्रमेस निघालेले मराठी यात्रेकरू आजही मंडल्याच्या घाटांवर विसावतात. परंतु परिक्रमेची वाट नदीच्या काठाकाठाने जाते. काठ सोडून आत, मवई, घुघरी, बिजाडांडी या विकासखंडांत गेल्यावर सालवृक्षांच्या रानात विखुरलेले जे टोले लागतात, त्यांच्याशी यात्रेकरूचा संबंध क्वचितच येतो. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या टोल्यांमधील तापाचा आहे. आणि तो ताप हटविण्यासाठी एका राज्यशासनाने, एका संशोधनसंस्थेने, एका औषधनिर्मात्या उद्योगाने व हजारावर गावांनी मिळून जे केले, त्याचा आहे.

२०११ च्या जनगणनेत मंडला जिल्ह्याची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या घरात भरली. तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. बहुसंख्य गोंड, आणि रानाच्या आतल्या भागात बैगा. नऊ विकासखंड आणि १,२३३ गावे असा जिल्ह्याचा पसारा. ‘गाव’ हा शब्द ऐकून वेस, चावडी व एकमेकांना चिकटलेली घरे असे महाराष्ट्राच्या देशावरील चित्र डोळ्यांसमोर येत असेल, तर ते बाजूला ठेवले पाहिजे. येथील एक गाव म्हणजे पुष्कळदा तीन-चार टोले. एक ओढ्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसरा टेकडीच्या उतारावर. पावसाळ्यात ओढा भरला की एका टोल्याचा दुसऱ्याशी संबंध तुटतो, आणि हिवतापाचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात.

या प्रदेशात हिवतापाचा वाहक एक नाही, दोन आहेत. ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास भाताच्या बांध्या, ओढ्यातील डबकी व पाण्याचे साचलेले खळगे यांत वाढतो. ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस या डासाला डोंगरपायथ्याचे संथ वाहते झरे मानवतात, आणि पाऊस सरल्यानंतरही तो आपले काम चालू ठेवतो. जंतूही मुख्यतः दोन. व्हायवॅक्स हा छळतो, पण सहसा मारीत नाही. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोहोचला तर दोन-तीन दिवसांत मूल दगावते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर फाल्सिपेरमचा जोर असतो. भाताच्या राखणीचेही दिवस तेच. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी घरातील एक तरी माणूस रात्र शेतातल्या मचाणावर काढतो. शासनाने वाटलेली औषधयुक्त मच्छरदाणी त्या वेळी घरात, मुलांच्या अंथरुणावर असते. ती तेथे असली पाहिजे यात वाद नाही, पण मचाणावरचा माणूस उघडाच राहतो. वसंतात मोहाची फुले वेचण्यासाठी स्त्रिया पहाट होण्यापूर्वी रानात जातात. हिवतापाविरुद्धच्या कोणत्याही योजनेचे यशापयश अशा गोष्टींवर ठरते, आणि त्या मुख्यालयातल्या नकाशावर दिसत नाहीत.

देशाच्या पातळीवरचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख लोक त्याने मरतात, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डी. डी. टी. च्या फवारणीचे परिणाम इतके विलक्षण होते की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द काढून ‘निर्मूलन’ हा शब्द घालण्यात आला. १९६५ च्या सुमारास नोंदलेल्या रुग्णांची संख्या एक लाखावर आली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, १९७६ साली, ती चौसष्ट लाखांच्या वर गेली. या उलटफेराची कारणे पुष्कळ दिली जातात: डासांना आलेली प्रतिकारशक्ती, कीटकनाशकांचा तुटवडा, क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम, जो भारतात प्रथम १९७३ साली आसामात आढळला. ही सारी खरी आहेत. परंतु एक कारण असे आहे की ज्यासाठी डासाला वा जंतूला दोष देता येत नाही. रोग ओसरल्यावर फवारणीची पथके उठली आणि पाळत ठेवण्याचे काम साधारण आरोग्यसेवेकडे सोपविण्यात आले. ती सेवा ज्या भागांत कागदावरच होती, त्या भागांत ताप परत आला तेव्हा तो पाहावयास कोणी नव्हते. मंडला अशाच भागांपैकी एक होय.

पाळत म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा आरोग्यसेवकाने घरोघर जावयाचे, ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा, संशयावरून क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यावयाच्या आणि काचपट्टी प्राथमिक आरोग्यकेंद्राकडे पाठवावयाची, अशी रीत होती. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले तर निकाल परत गावी यावयाचा व पूर्ण उपचार सुरू व्हावयाचा. ही रीत आखणाऱ्याची बुद्धी सदोष नव्हती; काचपट्टीवरचा थेंब वाचणारा कुशल तंत्रज्ञ आजही हिवतापाच्या निदानाचा आधारस्तंभ मानला जातो. पण मवईच्या टोल्यातून निघालेल्या काचपट्टीचा निकाल परत येईपर्यंत आठवडे उलटत. तोवर रोगी बरा झालेला असे, किंवा कामासाठी परगावी गेलेला असे, किंवा मेलेला असे. काचपट्ट्या मोजल्या जात आणि त्यांची संख्या वरती कळविली जाई. ज्याच्या बोटाला सुई टोचली त्याला मात्र आपल्या रक्तात काय निघाले हे बहुधा कधीच कळत नसे. अशा माणसाने पुढच्या खेपेस बोट मागे घेतले तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

गावातल्याच माणसाला या कामात घेण्याची कल्पनाही नवी नाही. १९७७ च्या सुधारित योजनेत शाळामास्तर, सरपंच अशा व्यक्तींकडे गोळ्या ठेवून ‘ज्वरोपचार केंद्रे’ उघडण्यात आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला देशभर लोकस्वास्थ्यरक्षकांची योजना सुरू झाली; महिना पन्नास रुपये मानधन आणि औषधांची एक पेटी. पुढच्याच वर्षी अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाला मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा भारत या बाबतीत मागे नव्हता. तरीही ही योजना पुष्कळ ठिकाणी कोमेजली. निवड झालेले रक्षक बहुतांशी पुरुष होते, गावच्या वजनदार घरांतले होते. पेटी एकदा रिकामी झाली की ती भरून येण्याची शाश्वती नव्हती. आणि रिकाम्या पेटीच्या मालकाकडे ताप घेऊन कोण जाणार?

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि तेथे अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर व दलित स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा केली तर ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटू शकते, हे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. या दोन्ही ठिकाणांहून जी गोष्ट शिकावयाची ती साधी आहे. गावातल्या स्त्रीला केवळ निरोप्या म्हणून वापरले तर तिचा उपयोग थोडा. तिच्या हाती निदान व उपचार दिले तर तिची किंमत गावाच्या दृष्टीने बदलते. हिवतापाच्या बाबतीत असे करता येईल काय, हा प्रश्न ज्या शहरात प्रत्यक्ष तपासला गेला ते शहर जबलपूर होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आदिवासींच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी १९८४ साली जबलपुरात एक प्रादेशिक केंद्र स्थापन केले. तेच पुढे राष्ट्रीय जनजातीय आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. हिवतापाच्या अभ्यासासाठी निराळे क्षेत्रीय केंद्रही त्याच दशकात येथे उघडले. या संस्थांचे शास्त्रज्ञ मंडल्याच्या गावांत वर्षानुवर्षे गेले, आणि त्यांच्या जाण्यातून जी माहिती हाती आली ती सर्वच हिवतापाची नव्हती. तिलाईपानी या गावाचे उदाहरण येथे दिल्याशिवाय राहवत नाही. १९९० च्या दशकात या गावातील मुलांचे पाय गुडघ्यांपाशी आत वळू लागल्याचे आढळले. शोध घेता असे दिसले की हातपंपांच्या खोल पाण्यात फ्लोराइड फार होते, आणि मुलांच्या आहारात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण अल्प होते. हातपंप ही गावाला मिळालेली सुधारणा होती! घातक पंप बंद करून दुसरे पाणी उपलब्ध करण्यात आले, आणि पोषणाच्या उपायांत इतर गोष्टींबरोबर एका रानभाजीचा समावेश झाला. हिंदीत तिला चकोडा म्हणतात. कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा. पहिल्या पावसाबरोबर बांधावर उगवणाऱ्या या भाजीत कॅल्शियम विपुल असते. कोवळ्या वयाच्या मुलांच्या पायांत सुधारणा दिसून आली. बाहेरून आलेल्या ज्ञानाने दोष हुडकला आणि त्याच्या उपायाचा एक भाग गावाच्या बांधावर होता. अशी देवाणघेवाण हिवतापाच्या कामातही व्हावयाची होती, पण ती इतकी सोपी ठरली नाही.

हिवतापाच्या संशोधनात डॉ. नीरू सिंह यांचे नाव अग्रभागी आहे. जबलपूरच्या क्षेत्रीय केंद्रातून सुरुवात करून त्या पुढे जनजातीय संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्या कामातील दोन गोष्टी येथे प्रस्तुत आहेत. पहिली बरगी धरणाची. जबलपूरजवळ नर्मदेवर बांधलेले हे धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले, आणि त्याचा जलाशय मागे मंडला जिल्ह्यापर्यंत पसरला. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ बसली. जलाशयाच्या काठाशी असलेल्या गावांत दूरच्या गावांपेक्षा हिवताप कितीतरी अधिक आहे, असे सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच वाट्याला काठावरचा डास आला. धरण बांधताना वीज, सिंचन, विस्थापन यांचे हिशेब झाले. तापाचा हिशेब कोणी मांडला नाही.

दुसरी गोष्ट आशादायक आहे. १९९० च्या दशकात रक्ताच्या एका थेंबावरून काही मिनिटांत फाल्सिपेरमचे अस्तित्व दाखविणाऱ्या पट्ट्या निघाल्या. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको. रेघ उमटली तर रोग आहे. या पट्ट्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाऐवजी क्षेत्रावरच्या साध्या कार्यकर्त्याच्या हाती देऊन सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची परीक्षा घेतली, आणि थोड्या प्रशिक्षणानंतर तो त्या विश्वासार्हपणे वापरू शकतो असा निष्कर्ष निघाला. ही घटना दिसते तितकी लहान नाही. आठवड्यांचे अंतर मिनिटांवर आले, एवढेच तिचे महत्त्व नव्हे. आता निकाल रोग्याच्या ओसरीवर, त्याच्या डोळ्यांदेखत लागणार होता. आई, सासू, शेजारीण सगळ्यांना रेघ दिसणार होती. रक्त घेणाऱ्याने उत्तर द्यावे, ही गावाची जुनी व न्याय्य अपेक्षा प्रथमच पुरी होण्याजोगी झाली.

तरीही पट्टी निघाल्यापासून ती प्रत्येक टोल्यात पोहोचेपर्यंत पुष्कळ काळ गेला. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. निवड गावाने करावयाची, स्त्री त्याच गावची असावयाची. १९७७ च्या चुकांपासून निदान एवढे शिकले गेले होते. २०१६ साली भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. ‘निर्मूलन’ हा शब्द परत आला. त्यापूर्वीच, २०१५ साली, मंडला जिल्ह्यासाठी एक त्रिपक्षीय करार झाला होता. जबलपूरची जनजातीय संशोधन संस्था, मध्य प्रदेश शासन आणि रोगनिर्मूलनासाठी सन फार्मा या औषधकंपनीने स्थापन केलेली एक ना-नफा संस्था, हे तीन पक्ष. संपूर्ण जिल्ह्यात हिवताप संपविता येतो काय, हे करून दाखवावयाचे, असा उद्देश. क्षेत्रावरील काम २०१७ मध्ये सुरू झाले.

या कामासाठी सुमारे अडीचशे पगारी कार्यकर्ते नेमण्यात आले, आणि त्यांतील बहुतेकांकडे सरासरी पाच-पाच गावे आली. त्यांच्या कामाचा क्रम चार शब्दांत सांगता येतो: शोधा, तपासा, उपचार करा, पुन्हा शोधा. शोधणे म्हणजे ठरलेल्या दिवशी घरोघर जाऊन गेल्या पंधरवड्यात कोणाला ताप येऊन गेला काय, हे विचारणे. तपासणे पट्टीने, तेथल्या तेथे. उपचारही तेथल्या तेथे. चौथा शब्द सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत दुर्लक्षिलेला आहे. फाल्सिपेरमचा उपचार तीन दिवसांत आटोपतो. व्हायवॅक्सचा जंतू मात्र यकृतात दडून बसतो व महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. त्याला काढून लावण्यासाठी प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. ज्याला बरे वाटत आहे, ज्याची कापणी खोळंबली आहे, त्याने आणखी अकरा दिवस गोळी का घ्यावी? शिवाय आदिवासी समाजांत काही जणांच्या रक्तात एका विकराची उणीव असते व त्यांना ही गोळी बाधते. लघवी काळपट झाली तर ताबडतोब कळविले पाहिजे. यासाठी कोणीतरी परत जाऊन पाहावे लागते. औषध देणे हे वैद्यकाचे काम आहे. अकराव्या दिवशी परत जाऊन विचारणे हे शेजाऱ्याचे काम आहे, आणि या प्रकल्पाने त्यासाठी माणूस नेमला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य.

नोंदी भ्रमणध्वनीवरील एका खास प्रणालीत होत, त्यामुळे कोणत्या टोल्यात रोगी निघाला हे जबलपुरात त्याच दिवशी समजू शकत होते. पट्ट्या व गोळ्या यांचा साठा संपत आला की तेही समजत होते. रिकाम्या पेटीचा जुना रोग यामुळे पुष्कळसा आटोक्यात आला.

फवारणीची हकिकत मात्र यंत्राने सुटण्यासारखी नव्हती. या भागातील घरांच्या भिंती मातीच्या. दिवाळीपूर्वी स्त्रिया त्या नव्याने लिंपतात. शेणामातीचा ओला हात फिरला की भिंतीवरील कीटकनाशक त्याखाली गाडले जाते, आणि डास निर्धास्तपणे नव्या भिंतीवर बसतो. फवारणीवाल्यांनी घर घाण केले म्हणून लवकर लिंपणाऱ्याही असतात. धान्याची कोठी व देवाची खोली फवारू द्यावयाची नाही, असा बहुतेक घरांचा आग्रह असतो, आणि डास तर अंधाऱ्या, थंड जागीच बसतो. हुकूम काढून लिंपण थांबत नाही. केव्हा लिंपणार, केव्हा फवारावे, कोणती भिंत अखेरपर्यंत तशीच ठेवता येईल, हे घरधनिणीशी बोलून ठरवावे लागते. असे बोलणे ज्या गावात झाले नाही तेथे मजुरीही गेली आणि औषधही गेले.

गुनियाचा प्रश्नही असाच. गोंड व बैगा गावांत ताप आला की प्रथम गुनियाकडे जाण्याची रीत आहे. तो झाडपाला देतो, मंत्र घालतो. पदवी नसलेला, मोटारसायकलवरून फिरणारा इंजेक्शनवालाही असतोच, आणि तो उधारीवर औषध देतो हे विसरता कामा नये. गुनियाशी भांडण करणारा कार्यकर्ता गाव गमावून बसतो. गुनियाला ‘तुझे तू कर, पण माझ्या पट्टीसाठी एक थेंब आधी घेऊ दे’ एवढे पटविणारा कार्यकर्ता ताप दोन दिवस लवकर पकडतो, आणि फाल्सिपेरमच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे मुलाचे आयुष्य. शुद्धतावाद्यांना ही तडजोड रुचणार नाही. त्यांनी एक पावसाळा मवईत काढून पाहावा.

फळ काय मिळाले? जून २०१७ ते मे २०२० या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लागण झालेल्या हिवतापाचे रुग्ण ९१ टक्क्यांनी घटले. साडेतीन लाखांहून अधिक तापकऱ्यांचे रक्त तपासले गेले आणि त्यांत हजारी दोन रोगीही निघाले नाहीत. ज्या जिल्ह्याची ख्याती हिवतापाची, त्या जिल्ह्याच्या बाबतीत हे यश निःसंशय मोठे आहे. देशातील आदिवासींची संख्या सुमारे आठ टक्के असताना हिवतापाच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे त्यांच्या वाट्याला येत असल्याचे तज्ज्ञ सांगत आले आहेत. हे ध्यानात घेतले तर त्या यशाचे वजन अधिकच भासते.

परंतु ९१ म्हणजे शंभर नव्हे, आणि या विषयात राहिलेले नऊ हे गेलेल्या ९१ पेक्षा कठीण असतात. निर्मूलन झाले असे जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्य होण्यासाठी एखाद्या देशात लागोपाठ तीन वर्षे स्थानिक लागणीचा एकही रोगी असता कामा नये. हजार तापांत दोन रोगी आढळतात याचा अर्थ असा की कार्यकर्तीला नऊशे अठ्ठ्याण्णव वेळा बोट टोचून काहीच सापडत नाही. गावालाही ते दिसते. ‘आता हिवताप कोठे आहे?’ असे गाव विचारू लागते, आणि १९६५ नंतर दिल्लीने जे केले तेच गाव आपल्या पातळीवर करू लागते.

येथे पैशाचाही विचार केला पाहिजे. आशा कार्यकर्ती पगारी नाही. रक्ततपासणीमागे पंधरा रुपये आणि हिवतापाचा पूर्ण उपचार केल्यास पंचाहत्तर रुपये, अशा दराने तिला मोबदला देण्यात येत असे. रोग भरपूर असताना या हिशेबात काहीतरी पदरात पडते. रोग संपत आला की पंचाहत्तराची बाजू शून्यावर येते, आणि ओढ्यापलीकडच्या टोल्यात एका तापासाठी दोन तास चालत जाण्याचे मोल पंधरा रुपये उरते. म्हणजे तिने काम जितके चांगले केले तितकी तिची मिळकत घटली. प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना महिन्याचा पगार होता; ताप सापडो वा न सापडो, फेरी होत होती. मंडल्याच्या यशाचा विचार करताना जंतुशास्त्राइतकेच लक्ष या साध्या हिशेबाकडे दिले गेले असते तर बरे झाले असते. शेजारच्या जिल्ह्यांत हीच पद्धत न्यावयाची असेल तर अडीचशे पगार कोणाच्या खात्यातून द्यावयाचे, हा प्रश्न टाळता येणार नाही. उद्योगाचा पैसा प्रात्यक्षिक दाखवू शकतो. तो दरसाल, अनिश्चित काळ, चाळीस जिल्ह्यांत मिळेल अशी कल्पना करणे धाडसाचे आहे.

करारावर तीन सह्या आहेत. चौथा पक्ष, म्हणजे ती १,२३३ गावे, करारात नाही. आणि असता तरी सही कोणी करावयाची होती? ग्रामसभा हे एक उत्तर आहे, आणि अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. तथापि प्रत्यक्षात गावाने आपला वाटा सहीवाचून उचलला. मुलाला ताप आल्यावर रात्री कार्यकर्तीचे दार ठोठावणारी आई, चौदा दिवसांची गोळी सुनेला मोजून देणारी सासू, दिवाळीचे लिंपण आठ दिवस पुढे ढकलणारे घर: या गोष्टींची नोंद भ्रमणध्वनीच्या प्रणालीत होत नाही. त्या थांबल्या असत्या तर ९१ चा आकडाही झाला नसता. म्हणून प्रकल्पाच्या मूल्यमापनात किती पट्ट्या वापरल्या याबरोबरच किती तापकरी स्वतः चालत आले, हे मोजले जावे. घरोघर शोधून सापडलेला ताप हे कार्यकर्तीच्या श्रमाचे माप आहे. स्वतः चालत आलेला ताप हे गावाच्या विश्वासाचे माप आहे, आणि पगार बंद झाल्यावर मागे उरला तर हाच विश्वास उरणार आहे.

शेवटची अडचण जिल्ह्याच्या सीमेची आहे. मंडल्याला लागून दिंडोरी, बालाघाट आणि छत्तीसगढचा कबीरधाम हे जिल्हे आहेत. रान सलग आहे, डासाला हद्द नाही. मंडल्याची माणसेही हंगामी कामासाठी जबलपूरला, नागपूरला व त्याहून लांब जातात. भात कापून झाले की तरुण जोडपी निघतात, होळीला किंवा पेरणीपूर्वी परततात. बाहेरून लागण होऊन आलेला रुग्ण जिल्ह्याच्या खात्यावर धरला जात नाही, त्याची नोंद निराळी होते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्याला चावलेला डास पुढे त्याच्या धाकट्या भावालाही चावतो, आणि त्या भावाची नोंद मंडल्याच्याच खात्यावर होते. म्हणून काही गावांत परतणाऱ्यांची बातमी ठेवणे हेच कामाचे पहिले अंग होऊन बसते. कोणाच्या घरी कोण आले हे आशा कार्यकर्तीला आठवडी बाजारातच कळते, आणि त्या संध्याकाळी ती पट्टी घेऊन त्या घराकडे जाते.